बिनकागदी कुत्रीचा वजनगट

आज सकाळी आमच्या इमारतीखाली गवत कापणारे आले होते. सिंगापूरमध्ये गवताला वाढायची फुरसत कुणी देत नाही. जरा बोटभर उंच झालं की खांद्यावर यंत्रं अडकवलेली माणसं हजर. त्या घरघरीने माझं डोकं उठतं, पण ती थांबल्यावर मागे जो ओला, हिरवा, किंचित कडसर वास रेंगाळतो त्यासाठी मी सगळ्या खिडक्या उघडून ठेवते. आज तो वास आत आला आणि मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. मला अण्णा दिसले, माझे वडील. कुत्र्यांच्या मैदानाच्या कुंपणाला टेकून उभे, पायजम्याला कापलेल्या गवताची पाती चिकटलेली, आणि कुणावर तरी बरसत असलेले.

ही दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. आई गेली आणि काही महिन्यांत मी अण्णांना सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून आंग मो किओ भागातल्या या फ्लॅटमध्ये आणलं. अण्णा शाळेत व्यायामशिक्षक होते. त्यांचा आवाज शिट्टीशिवाय मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचायचा. इथे आल्यावर मात्र त्या आवाजातले दोनच शब्द शिल्लक राहिले होते, ‘बरं’ आणि ‘जेवलो’. मी सकाळी वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसच्या काचेच्या इमारतीत जाताना त्यांचं ताट झाकून ठेवायची. संध्याकाळी ते धुऊन पालथं घातलेलं असायचं. मला तेवढ्यानेच हायसं वाटायचं. आठवड्यातून एकदा ते म्हणायचे, “मला परत पाठव.” गावाकडे होतं काय? कुलूप लावलेलं घर. पाठवावं तर जीव होईना, ठेवावं तर हा माणूस डोळ्यांदेखत पुसट होत चाललेला. आईबरोबर मी त्यांनाही गमावते आहे असं मला वाटायचं, आणि ते कुणाशी बोलायची सोय नव्हती.

रविवारी मी त्यांना बळेच बागेत न्यायची. तिथल्या कुंपण घातलेल्या लांबट मैदानात कुत्री मोकळी सोडायला परवानगी असते. त्या मैदानावर आम्हांला भेटली एक पांढऱ्या केसांची इंग्रज बाई आणि तिची वाघासारख्या पट्ट्यांची, काटकुळी कुत्री. कुत्री कसली, धनुष्यच ते! कमानदार पाठ, आत गेलेलं पोट, काडीसारखे पाय. ही व्हिपेट, धावण्यासाठीच जन्मलेली जात. पण बाईंची कुत्री अस्सल नव्हती. आई व्हिपेट, बाप कुठलासा मोठा शिकारी कुत्रा. बाई उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या गावात वाढलेल्या. तिथे म्हणे दर रविवारी व्हिपेटच्या शर्यती व्हायच्या. मालक पलीकडच्या टोकाला उभा राहून चिंधी फडकवायचा आणि कुत्री त्या चिंधीकडे सुसाट सुटायची. बाईंनी इथेही पाच-सहा कुत्रेवाल्यांना जमवून तोच खेळ मांडला होता. पैज नाही, बक्षीस नाही, नुसती हौस.

आणि जिथे हौस तिथे भांडण. वंशावळीच्या कागदांसह दोन अस्सल व्हिपेट बाळगणारे एक बँकेतले चिनी गृहस्थ अडून बसले. “कॅनॉट ला! धिस वन नॉट प्युअर. बिग डॉग ब्लड, शुअर विन वन.” (‘ला’ आणि शेवटचं ‘वन’ ही इथल्या इंग्रजीची शेपटं.) बाईंचं म्हणणं, त्यांच्या गावी कागदवाल्या कुत्र्यांच्या शर्यती वेगळ्या असत हे खरं, पण संकरित कुत्र्यांना कुणी हाकलून देत नसे. त्यांना काट्यावर उभं करायचं आणि वजनावरून गट पाडायचा. गटातही जो जास्त भारी तो चार पावलं मागून सुटणार. गृहस्थ ऐकेनात. आवाज चढले. बाकावर माझ्या शेजारी अण्णा नेहमीसारखे जमिनीकडे बघत बसले होते. ते एकदम उठले.

“विच फादर, विच मदर, डोंट आस्क ऑन ग्राउंड!” अण्णांचं इंग्रजी शाळेच्या क्रीडामहोत्सवातलं, पण त्यात जोर होता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सांग त्यांना. मी जन्मभर खो-खोचे गट पाडलेत. वय, उंची, वजन. चौथी गोष्ट कुणी विचारली तर मी त्याला मैदानाबाहेर काढायचो.”

मी सांगितलं. त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती. आपल्याकडे शाळेच्या खो-खोत लहान गटात बसण्यासाठी पोरं काय काय करायची! केस भादरून यायची, आदल्या दिवसापासून जेवायची नाहीत. अण्णा अशा पोराला आधी पोहे खायला घालायचे आणि मग काट्यावर उभं करायचे. उपाशी पोराचं वजन मी धरत नाही, म्हणायचे.

बाईंनी घरून न्हाणीघरातला काटा आणला. कुत्री त्याच्यावर उभी राहीना. सारखी थयथय नाचायची. तेव्हा अण्णांनी ठरवलं, आधी माणसाने एकट्याने उभं राहायचं, मग कुत्र्याला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करायची. माणूस अर्थात तेच. ते काट्यावर चढले आणि मी वाकून आकडा वाचला. त्रेपन्न. अण्णा चांगले उंच होते. गावात त्यांना ‘मास्तर पैलवान’ म्हणायचे. मी तो आकडा मोठ्याने वाचला, वजाबाकी केली, कुत्रीला मधल्या गटात टाकलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धुतलेल्या ताटांतलं जेवण कुठे जात होतं ते मला त्या क्षणी कळलं. स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट तळमजल्यावर टाकायच्या नळीत.

ताटांचा विषय मी काढला नाही. पण त्या दिवसापासून आमचा रविवार ठरून गेला. अण्णा गट पाडायचे, चिंधी फडकवायचे, चुकीच्या सुटण्याला परत बोलवायचे. बँकवाले गृहस्थसुद्धा त्यांना “कोच” म्हणू लागले. पहिले काही रविवार ते आधी स्वतः काट्यावर चढायचे, पुढे कंटाळले. “ते त्रेपन्नच धर गं,” म्हणायचे. मीही आग्रह केला नाही. तो आकडा आणखी खाली गेलेला बघायचा धीर माझ्यात नव्हता. रात्रीच्या जेवणाला ते अजूनही अर्ध्या पोळीवर उठत आणि मी भात वाढायला गेले की ताटावर आडवा हात धरत.

मग शेजारच्या बेटांवर पेटलेल्या जंगलांचा धूर आला. आकाश राखेच्या रंगाचं झालं, खिडक्या बंद, मैदान बंद. अण्णा आता बंद खिडकीशी जाऊन बसतील, पुन्हा ‘बरं’ आणि ‘जेवलो’ सुरू होईल, या भीतीने मी ऑफिसात बसल्या बसल्या अर्धी होत होते.

धूर हटल्यावरच्या पहिल्या रविवारी सगळे जमले. अण्णांनी कुत्रीला उचललं, मी आकडा वाचला, त्रेपन्न वजा केले, आणि बाईंची कुत्री थेट भारी गटात गेली! बाई भडकल्या. “माझी पोर घरात कोंडून होती हे कबूल, पण इतकी नाही वाढली!” बँकवाल्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “रूल इज रूल ला!” मी पुन्हा वजाबाकी केली. तेच उत्तर. बाई कमरेवर हात ठेवून अण्णांना म्हणाल्या, “मास्टर, आज तुमचं वजन केलंत?”

“माझं काय करायचंय?” असं पुटपुटत अण्णा कुत्रीला खाली ठेवून एकटे काट्यावर चढले. मी वाकले.

अठ्ठावन्न.

मी पुन्हा वाचलं. अण्णा मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे बघत होते. बँकवाले ओरडले, “अय्यो, कोच! डॉग नॉट फॅट, यू फॅट!” आणि अण्णा हसले. नुसते हसले नाहीत, खदखदून, पाठीत वाकून हसले. कुत्री आनंदाने त्यांच्याभोवती गरागरा फिरू लागली. मी कुंपणाशी जाऊन तोंड फिरवून रडून घेतलं. इतकं हलकं मला त्यापूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी घरी मी त्यांना धरलंच. “खरं सांगा, कुठे जेवता?”

“खाली. हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या टपऱ्यांवर.” पोरासारखा चेहरा करून म्हणाले, “प्राटा खातो, म्हणजे आपला पराठाच, तुपात थबथबलेला. दोन. कांद्याचा असला तर तीन. बाई पण येतात कधी कधी, गटांचं ठरवायला.”

डॉक्टरांनी तूप-तेल बंद केलेल्या माणसाने हे सांगावं! मला रागही आला आणि, खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला. माझ्या वरण-भाताला जे जमलं नव्हतं ते त्या कढईएवढ्या तव्यावरच्या प्राट्याला जमलं होतं. मग ते हळूच म्हणाले, “तुझी आई असती तर आत्ता म्हणाली असती, ‘मास्तर, सुटलात की हो!’” आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय पहिल्यांदा काढला होता.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं होते; मनाला येईल तेव्हा गावी जायचे, मनाला येईल तेव्हा परत यायचे. आता ते नाहीत, पण त्यांच्या जाण्याची आठवण मला टोचत नाही. टोचतं ते निराळंच. आई गेल्यानंतरचे ते सगळे महिने मी दुःखाचे म्हणून एका गाठोड्यात बांधून ठेवले होते. आज सोडून बघते तर त्यातले कितीतरी दिवस बरे होण्याचे होते, आणि मी त्यांना ओळखलंच नाही. मी काचेच्या इमारतीत बसून त्यांच्यासाठी झुरत होते, त्याच दुपारी माझे वडील खाली बाकड्यावर बसून आणखी एक कांद्याचा प्राटा मागवत होते.