बी डिव्हिजनचा बाक

बास्केटबॉलमध्ये मला एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे बॉलची. तुम्ही हसाल, पण नव्वदच्या दशकात बेंगळुरूतल्या एका कारखान्याने मला खेळाडू म्हणून नोकरीवर घेतलं होतं. निवडीच्या दिवशी साहेबांनी माझी सहा फूट दोन इंच उंची पाहिली आणि खेळ पाहायचं त्यांना सुचलंच नाही.

नोकरी हंगामी होती. आमचा संघ शहराच्या बी डिव्हिजन लीगमध्ये टिकला तर ती कायम होणार. सी डिव्हिजनमध्ये घसरला तर संघ बंद आणि मी घरी. आईने मात्र शेजारच्या अक्काला 'पर्मनंट आहे' म्हणून सांगून टाकलं होतं. सामना असला की दारातच विचारायची, "जिंकलात का रे?" आम्ही बहुधा हरलेलोच असायचो.

"स्वल्प कमी पडलो," मी म्हणायचो आणि अर्ध्या जेवणावरून उठायचो.

कोचची नजर बाकावरून फिरू लागली की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घ्यायचो.

"अरे, बूट घालतोयस की नऊवारी नेसतोयस?" ते ओरडायचे. आमच्यासारखेच इथल्या जुन्या मराठी घरातले, टोमण्यात पक्के. पण आत पाठवायचे नाहीत. तेवढी अक्कल त्यांना होती.

मग आला शेवटचा सामना. जिंकलो तर बी, हरलो तर सी. सिमेंटचं कोर्ट आणि पावसाची नुकतीच थांबलेली भुरभुर. खेळ संपत आला आणि आमचा एक गडी पाचवा फाउल करून नियमाप्रमाणे बाहेर आला. बाकावर धडधाकट असा मी एकटाच.

"जा अण्णा," कोच म्हणाले. मला ते पहिल्यांदाच अण्णा म्हणाले. त्यानेच मी जास्त घाबरलो. "कडेला उभा राहा. बॉलला हात लावू नकोस."

राहिलो. समोरच्यांनी मला एकदा न्याहाळलं आणि मला अडवायला माणूसच ठेवला नाही. अपमानच तो, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटचे काही सेकंद. आम्ही एका गुणाने मागे. आमच्या कप्तानाला दोघांनी घेरलं आणि त्याने, देवा रे, मी मोकळा दिसलो म्हणून बॉल माझ्याकडे फेकला! कोच किंचाळले. घेरणारे दोघे माझ्या अंगावर धावले. हातात निखारा पडावा तसा मी तो बॉल आला तिकडेच भिरकावला आणि डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा आमचेच सगळे गडी आनंदाने माझ्यावर पडले होते. बास्केटखाली एकट्या उरलेल्या कप्तानाने बॉल जाळीत टाकला होता.

"काय पास! काय थंड डोकं!" साहेब सगळ्यांना सांगत सुटले.

मी कायम झालो. नव्या हंगामाच्या पहिल्या सरावाला कोचनी मला बाजूला घेतलं.

"आजपासून तू पहिल्या पाचांत. साहेबांचा हुकूम आहे."

मी गयावया करायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा पाहून बुटाची नाडी बांधायला वाकलो. ते माझ्याहून जास्त घाबरले होते.