कारध्याहून अकोला, नदी न ओलांडता

मी मॅट्रिक पास आहे, हे कारध्यात कोणी विसरू नये याची मी फार काळजी घेत असे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माहेर अकोल्याकडे, सासर वैनगंगेच्या काठी. पलीकडे भंडारा दिसे, पुलावरून एसट्या जात, आणि मी ओट्यावर पोट सांभाळत बसलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. सातव्यात न्यायला येणारे बाबा कापसाच्या वेच्यात अडकले आणि आठवा लागला.

"आता नाही," सासूबाई म्हणाल्या. "आठव्यात पोटुशी बाई नदी ओलांडत नाही. पोराले भोवते."

अकोल्याला जायचं तर पूल लागणारच. दुसरी कोणी असती तर रडून मोकळी झाली असती. मी पेटीतून शाळेतला नकाशा काढला. गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांच्या वेळची धावपट्टी होती, तशीच एक अकोल्याजवळ. दोन्हींमध्ये शिवणाचा दोरा ताणला, पट्टीवर मोजला. सव्वातीनशेच्या वर किलोमीटर. म्हणजे विमानाला तास, फार तर सव्वा तास. आणि बिरसीला जाताना वैनगंगा आडवी येतच नव्हती! तिथे विमान उतरतं का, हे विचारायचं त्या विदुषीला सुचलं नाही. नवरा म्हणाला, "अवं, तिथं ढोरं चरून राहिली." मला वाटलं, विमान आलं की हाकलत असतील.

सासूबाई लाखोरीची डाळ पाखडत होत्या. समोर जाऊन बसले.

"आत्याबाई, विमान काही नदी ओलांडत नाही. वरच्यावर जातं. पाण्याला पाय लागत नाही, पुलालाही नाही."

सूप थांबलं. त्या खरोखर विचारात पडल्या. मी मनातल्या मनात लुगडी पेटीत भरायलाही लागले.

"कावं बाई, विमानाची सावली खाली पडते का नाही?"

"पडते," मी ऐटीत म्हणाले. प्रकाशाचा धडा मला तोंडपाठ होता.

"मंग? सावली पाण्यावरूनच जाईन ना? अन् त्या सावलीत तू नसशीन काय?"

सूप पुन्हा वाजू लागलं. आजवर कोणत्या वकिलाला जमलं नसेल असं मी स्वतःला कोंडून घेतलं होतं.

त्यानंतर मी ओट्यावर पुलाकडे पाठ करून बसायची. बाळंतपण मागच्या खोलीत झालं. पहिल्या मोठ्या कळेला "आई गं!" म्हणून ओरडले, तर सासूबाई म्हणाल्या, "आहो ना मी." इतका राग आला की कळच विसरले. हात ओढून घ्यायला गेले, पण त्यांनी मनगट असं धरलं होतं की पोर बाहेर येईपर्यंत सुटलं नाही. बोटांचे पाच वळ उठले. आईला दाखवून सासूची तक्रार करायची म्हणून मी ते दोन दिवस जपले, तेलसुद्धा लावू दिलं नाही.

आई सहाव्या दिवशी आली. तोवर मनगट कोरं झालं होतं.