घाटावरची बजावणी

मी कोर्टात बेलीफ होतो, आणि एका समन्सवर मी खोटा अहवाल लिहिला. ही गोष्ट मी कित्येक वर्षे कोणाला सांगितली नाही. पत्नीलाही नाही.

चितेगावच्या पुढचे एक गाव. दुष्काळाचे वर्ष. शिवारात पेरणी नव्हती. शहर मात्र पैठण रस्त्याने पुढे सरकत होते आणि शेतांचे प्लॉट पडत होते. सर्वांत जास्त प्लॉट ज्यांचे पडले, त्या आबासाहेबांच्या ओट्यासमोर मी उभा होतो. समन्स त्यांच्या मुलाच्या नावाचे होते. त्याने बायकोला, सुनंदाताईंना, मारहाण करून घराबाहेर काढले होते आणि तीन वर्षांची मुलगी ठेवून घेतली होती. सुनंदाताईंना घटस्फोट हवा होता आणि मुलगी हवी होती. समन्स त्याच्या हाती पडेपर्यंत दावा पुढे सरकणार नव्हता.

आबासाहेबांनी कागदाकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

"तू किसन न्हाव्याचा ना रं?"

मी हो म्हणालो.

"मग बस. आधी दाढी कर. कागद मंग बघू."

माझे वडील याच ओट्याखाली बसून या घराच्या दाढ्या करीत. सुगीला पसाभर धान्य मिळे. मी शिकलो, पदवी घेतली, नोकरीला लागलो. माझ्या छातीवर न्यायालयाचा बिल्ला होता. ओट्यावर चार-पाच माणसे बसली होती. कोणी हसले नाही, आणि तेच जास्त लागले. त्यात हसण्यासारखे काही आहे, असे त्यांना वाटलेच नव्हते.

आतून साबण आला, वस्तरा आला. रस्त्यावर बाया हंडे लावून टँकरची वाट पाहत होत्या. मला तांब्याभर पाणी मिळाले. सांडले तरी चालेल, घरचा बोअर आहे, असेही सांगण्यात आले.

मी बिल्ला काढून खिशात ठेवला. तसे मला कोणी सांगितले नव्हते.

मी दाढी केली. चांगली केली. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही, याची लाज मला आजही वाटते.

तेवढ्यात आतून एक लहान मुलगी आली. फेसाकडे पाहून खुदकन हसली. "आबा, तुमच्या तोंडाला साय आली," म्हणाली. तिच्यामागे बनियनवर तिचा बाप, हातात चहाची बशी. त्याने मला पाहिले, शेजारचे समन्स पाहिले, बशी संपवली, मुलीला उचलले आणि आत गेला. माझ्यापासून पळण्याचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

आबासाहेबांनी तोंड पुसले. "लिही. पोरगं हितं ऱ्हात नाय. कुठं गेलं, ठावं नाय."

मी लिहिले. प्रतिवादी पत्त्यावर आढळले नाहीत. ठावठिकाणा समजला नाही.

त्या अहवालाने त्यांना सवड मिळाली. महिन्याभरात नवरा मुलीला घेऊन खरोखरच नाहीसा झाला. पुढचे समन्स मी दारावर डकवले. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन एकतर्फी निकाल घ्या, असे सुनंदाताईंच्या वकिलांनी सुचवले. तो कागद घेऊन मी पोरगी कोणत्या गावात शोधू, असे त्यांनी वकिलांना विचारले. दर तारखेला त्या क्रांती चौकात बसमधून उतरत, चालत कोर्टात येत आणि बाकावर बसत. मला भाऊ म्हणत. काही पत्ता लागला का, विचारत. मी नकारार्थी मान हलवीत असे.

मला त्यांची दया येई आणि आबासाहेबांचा संताप येई. हे दोन्ही एकच आहे, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती.

पुढच्या दुष्काळात आबासाहेब वारले. माझा चुलतभाऊ रामभाऊ अजून गावात वस्तरा चालवत होता. त्याने फोन केला. दहावा पैठणच्या घाटावर होता, आणि मुलगा एकुलता एक. त्याला येणे भाग होते.

"डोकं कोण करणार?" मी विचारले.

"म्याच. दुसरं कोण हाय?"

घाटाचे न सांगता मी सुनंदाताईंच्या वकिलांकडून नवे समन्स काढून घेतले. सुनंदाताईंना मात्र कळवले नाही.

गोदावरी कोरडी पडली होती. दशक्रियेच्या पाण्यासाठी घाटाशेजारी टँकर उभा होता. आबासाहेबांचा मुलगा उघड्या अंगाने पायरीवर बसला होता. रामभाऊने त्याचे उजवे अर्धे डोके भादरले आणि हात थांबवला. तसे आमचे ठरले होते. मी छातीवर बिल्ला लावून पुढे गेलो आणि समन्स धरले. भावकी समोर होती; हा तो नव्हेच, म्हणायची सोय नव्हती. उठून जावे, तर अर्धे डोके तसेच.

तो रामभाऊवर खेकसला, "आधी डोकं पुरं कर."

रामभाऊ वस्तरा पुसत राहिला. "मालक, आधी कागद घ्या. डोकं मंग बघू."

बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी हसले. त्याने सही केली. माझ्या आयुष्यात इतका गोड क्षण दुसरा आला नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मग मला ती मुलगी दिसली. सात वर्षांची झाली होती. बापाच्या डोक्याकडे घाबरून पाहत होती. तिची आई या क्षणी त्याच पायऱ्यांवर असू शकली असती. कळवायला मी विसरलो नव्हतो. तो दिवस मला एकट्याला हवा होता.

दावा उभा राहिला. त्याच्या वकिलांचे म्हणणे असे, की अशील लपले नव्हते, कामासाठी परगावी होते. आईने कधी शोध घेतला नाही आणि आता मुलगी तिला ओळखतही नाही. पुरावा म्हणून माझा पहिला अहवाल पुढे आला, आणि तो कबूल करण्यापुरते मला साक्षीला बोलावले. सही तुमचीच ना, वकिलांनी विचारले. नुसते हो म्हणालो असतो, तर माझी नोकरी राहिली असती.

"सही माझी आहे," मी म्हणालो. "अहवाल खोटा आहे."

दाढीपासून सगळे सांगितले. दाढीशी आलो तेव्हा मागे कोणीतरी हसले. मी थांबलो नाही. तुमच्यावर कारवाई होईल, हे समजते ना, असे न्यायाधीशांनी विचारले. समजते, म्हणालो. मग त्या जिथे बसल्या होत्या, तिकडे वळलो.

"सुनंदाताई, तुमची मुलगी मी त्या घरात पाहिली होती, आणि लिहिलं नाही. घाटावरही पाहिली, आणि तुम्हाला बोलावलं नाही. पहिल्या वेळी मी भ्यालो. दुसऱ्या वेळी मला फक्त माझा सूड हवा होता. मी तुमची माफी मागतो. ती तुम्ही देऊ नका. हा दावा जिथवर जाईल तिथवर मी येईन, आणि त्या घरच्यांच्या तोंडावर हेच सांगेन."