प्रागला निघालेली बादली

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून ऑफिसातून आल्या आल्या या ईमेल ग्रुपवर लिहायला बसलोय.

कंपनीने मागच्या वर्षी मला ट्रेनिंगला प्रागला पाठवलं होतं. आता आमच्या खरवईच्या बिल्डिंगमधले देशमुख निघालेत. आज सकाळी ते आणि वहिनी सल्ला घ्यायला आले. मी उत्साहाने सुरू झालो. नवे बूट नेऊ नका, जुन्या शहरात रस्ते सगळे दगडी, पायांची पार वाट लागते. ट्राममध्ये चढल्यावर तिकीट मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड बसेल. किल्ला सकाळी लवकर बघा, नंतर गर्दी होते.

देशमुख नुसते मान डोलवत होते. वहिनी म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो भाऊजी, पण तिथे पाणी किती वाजता येतं? यांच्या बॅगेत एक बादली ठेवलीय, अजून एक लागेल का?"

बादली! प्रागला!

"अहो वहिनी, तिथे चोवीस तास पाणी असतं!" मी जवळजवळ ओरडलोच.

वहिनींनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"आपल्या बिल्डरनेपण हेच सांगितलं होतं."

बादली बॅगेतच आहे. तुम्ही असता तर काय बोलला असता?