शुक्रवारची होडी

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीच्या त्या काळात मी एका होडीचा मत्सर केला. होडी कसली, एका कतारी गृहस्थाचं फायबरचं जुनं डबडं. ते तो दर शुक्रवारी माझ्या नवऱ्याच्या मित्राला वापरायला देई. मित्र वसईचा, नवऱ्याच्याच ऑफिसातला. त्याची बायको हॉस्पिटलात कामाला. पहाटे पार उत्तरेच्या टोकाला, मदिनत अश शमालला गाडीने जायचं, किनाऱ्यापासून लांबपर्यंत कंबरभरच असलेल्या पाण्यात होडी ढकलत न्यायची आणि गळ टाकून बसायचं, असा त्या तिघांचा कार्यक्रम. तिघं म्हणजे मित्र, त्याची बायको आणि माझा नवरा.

मी पुण्याची, माझ्या स्वयंपाकघरात मासा येत नाही. नवऱ्याला हॉस्टेलपासून त्याची चटक. लग्न ठरतानाच आमचं बोलणं झालं होतं, बाहेर काय ते खा, घरात आणू नकोस. त्यामुळे पकडलेली शेरी नाहीतर हमूर मित्राच्या घरी जायची, तिथेच तळली जायची आणि नवरा तिथेच जेवून दुपारी घरी यायचा. माझं वरण झाकणाखाली गार झालेलं असायचं. नियम माझाच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

सगळं दोहा तेव्हा उकरून ठेवलेलं होतं. नवरा रस्त्यांच्या कामावर इंजिनियर. आठवड्याचे सहा दिवस तो साइटचा आणि फोनचा. ताटावर बसला की फोन, डोळा लागला की फोन. मी काही विचारलं की ‘इन्शाल्ला’ म्हणून मोकळा व्हायचा. उरला तो एक शुक्रवार, आणि तोही त्या डबड्याला.

अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून मला खाली उभी राहिलेली त्यांची गाडी दिसायची. नवरा झपझप चालत जायचा. माझ्याबरोबर भाजीला निघताना हाच माणूस पाय ओढत चालतो. मित्राची बायको काच खाली करून काहीतरी बोलायची आणि तो हसायचा. काय बोलली असेल, या विचारात माझा चहा उतू जायचा. माझ्या पोटात दुखायचं, सरळ सांगते.

त्यात एकदा त्याचा शर्ट मशीनमध्ये टाकताना मासळीच्या वासाखाली मला खोबरेल तेलाचा वास आला. अगदी कॉलरला. नवरा डोक्याला तेल लावत नाही, आणि लावायला आता तिथे फारसं काही उरलेलंही नाही. मी तो शर्ट दोनदा धुतला आणि त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, त्याचीच मला भीती होती.

मग श्रावण आला. श्रावणात नवरा मासे खात नाही, सासूबाईंना दिलेला शब्द तो कतारमध्येही पाळतो. मला उकळ्या फुटल्या. महिनाभर शुक्रवार माझे! श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे पुरण असतं. मी डाळ भिजत घातली, जायफळ काढून ठेवलं. पहाटे उठून बघते तर हा बूट घालतोय.

‘‘अरे, श्रावण आहे ना?’’

‘‘मी कुठे खाणार आहे? नुसता जाऊन येतो.’’

म्हणजे इतके दिवस मी उगाच माशांना दोष देत होते. माशांसाठी जात नाही, मग कशासाठी जातो? त्या दिवशी पुरण वाटताना हात भरून आले तरी मी थांबले नाही.

पुढच्या शुक्रवारी मीही गाडीत जाऊन बसले. मित्राने फक्त ‘‘यल्ला, चला वहिनी’’ म्हणून पाण्याची बाटली मागे दिली. किनाऱ्यावर उतरलो तर दमट हवेने माझा चष्मा धुरकटला. फोन गाडीतच ठेवायचे, असा त्यांचा नियम. नवऱ्याने आपला फोन डॅशबोर्डच्या खणात टाकला आणि खण गुडघ्याने बंद केला.

ओहोटी होती. आम्ही चौघांनी होडी ढकलली. तळाची वाळू दिसत होती. पाणी थोडं खोल झाल्यावर सगळे चढलो, मित्राने आणि त्याच्या बायकोने गळ टाकले. माझ्या नवऱ्याने गळ हातातसुद्धा घेतला नाही. तो होडीच्या तळाशी आडवा झाला, डोक्याखाली लाइफ जॅकेट घेतलं आणि झोपी गेला. घोरायलाच लागला.

त्या बाईने सवयीने आपली ओढणी काढली, समुद्रात बुडवून पिळली आणि त्याच्या तोंडावर, मानेपर्यंत पसरली. ‘‘नाहीतर भाजून निघतील,’’ ती मला म्हणाली. ‘‘दर वेळी असंच. भाऊंनी आजवर एक मासा धरलेला नाही, वहिनी. बसले की खलास.’’

ओढणीला खोबरेल तेलाचा वास येत होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो कुणाशी बोलायला येत असता, हसायला येत असता, तर मी भांडले असते. झोपेशी कशी भांडणार? आमच्या पलंगावर मी दर शुक्रवारी स्वच्छ चादर घालत होते.

ऊन वर आल्यावर तो जागा झाला. मित्र आणि त्याची बायको पाण्यात उतरून नांगर सोडवत होते. मी हळूच विचारलं, ‘‘घरी का नाही रे झोपत असा?’’

त्याने ओढणी तोंडावरून बाजूला केली.

‘‘घरी तू माझी वाट बघत असतेस,’’ तो म्हणाला. ‘‘मी झोपलो तरी.’’

तो रागाने बोलला नव्हता, म्हणून जास्त लागलं. थोड्या वेळाने त्याचे डोळे पुन्हा मिटले. मी ओढणी उचलली, पाण्यात बुडवली, पिळली आणि त्याच्या तोंडावर पसरली. मग त्याच्याकडे पाठ करून बसले आणि परत येईपर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही.