पाहुण्याला दिलेला होकार

मोठ्या धरणाचे साहेब आमच्या तांड्यावर आले तेव्हा त्यांच्या गाडीनं एवढा धुरळा उडवला, की कळंबपर्यंतच्या बायांनी वाळत घातलेल्या मिरच्या घरात नेल्या. आमची रीत अशी, की पाहुण्याच्या हातात पाण्याचा गडवा असेस्तोवर त्याच्या कोणत्याच बोलण्याला नाही म्हणायचं नाही. साहेबांनी घोट घेता घेता विचारलं, "धरणाला तांड्याची संमती आहे ना?"

आमचे म्हातारे नायक हात जोडून म्हणाले, "हाव जी, हाव."

साहेबांनी गडवा तसाच धरून लगेच मांडीवरच्या वहीत लिहिलं: तांड्याची संमती आहे.

नायकाचा शब्द म्हणजे साऱ्या तांड्याचा शब्द. घरं, वावरं, सगळं त्या एका ओळीत बुडालं होतं.

मी उठलो. घाटंजीतून छापून आणलेला कागद खिशात होता. जगभरच्या मोठ्या धरणांसाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वं! त्याची हजार पानं मला पाठ आहेत असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे पान एकच होतं, आणि तेही अर्धंच वाचलेलं.

"थांबा साहेब! साऱ्या दुनियेचा नियम आहे. ज्याचं घर बुडते त्याले आधी समदं समजावून सांगा लागते, त्याच्या बोलीत. मंगच त्याची संमती."

नायकांनी डोळे बारीक केले. "हे तुह्यं नेहमीचं तर नाही ना बे? मागं तू आमाले विहिरीत मगर दाखवलती."

"काका, ह्या वेळेस छापील आहे!"

साहेब कागद पाहून हसले. "छापील आहे, पण कायदा नाही. नुसतं मार्गदर्शन. कोणावर बंधन नाही."

साहेब वही मिटायला लागले. तेवढ्यात नायकांनी त्यांच्या हातातला गडवा काढून घेतला, खाली ठेवला आणि तळहात वहीवर दाबला.

"आता बोलतो. पाणी कुठवर येईन?"

"नकाशा यवतमाळला, ऑफिसात आहे."

"मंग मी कायले हाव म्हटलं?"

साहेबांनी वही ओढून पाहिली. नायकांचा हात वहीवर इतका वेळ होता, की माझी दाढी वाढली. शेवटी साहेबांनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: नकाशा दाखवलेला नाही, संमती बाकी.

पुढच्या आठवड्यात नकाशा आला. नायकांनी विचारलं, "याच्यात माह्यं घर कोणतं?"

साहेबांचं बोट निळ्या रंगात शिरलं आणि बरंच आत जाऊन थांबलं.