तीन बोटांचं तोंड

मुलीचं साक्षगंध आटोपलं आणि त्याच आठवड्यात आमच्या ह्यांची दाढ ठणकू लागली. सकाळी उठून बघते तर गाल फुगून टम्म. लग्न तोंडावर आलेलं आणि वधूपित्याचं हे ध्यान! मी म्हटलं, दवाखान्यात चला. पण ह्यांना आधी गावाला विचारायचं होतं. आमच्या गावात दाताचा डॉक्टर नाही, दाताचे सल्लागार मात्र घरटी एक आहेत, आणि सगळ्यांचं औषधही एकच, खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि दुखऱ्या दाढेत दाबून बसायचं. ज्यानं दाढ किडली त्याचाच लेप! दुपारपर्यंत ह्यांनी इतके लेप लावले की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग माझं डोकं फिरलं. दंडाला धरून बसमध्ये बसवलं आणि चंद्रपूर गाठलं.

दाताची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं तोंड उघडायला सांगितलं. ह्यांनी उघडलं. ती म्हणाली, अजून. तर हे माझ्याकडे बघायला लागले, जणू उरलेलं तोंड मीच घरी ठेवून आले होते. मग तिनं ह्यांना स्वतःचीच तीन बोटं जुळवून उभी तोंडात घालायला लावली. दोन गेली, तिसरं बाहेरच राहिलं.

"एवढंच उघडते मॅडम," हे रुबाबात म्हणाले. "आमच्या गावात सगळ्याइचं एवढंच उघडते."

मीही मान डोलावली. खोटं कुठं होतं? आमच्याकडे पंगतीत बारीक घास घेणारा माणूस संस्कारी समजला जातो. खर्र्यानं गालाच्या आतलं कातडं आवळत जातं, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो, हे त्या पोरीनं सांगितलं तेव्हा कळलं. आत हातच जात नव्हता, तर दाढ काय निघणार? तिनं कसाबसा पू काढला, गोळ्या दिल्या, तोंड उघडायचे व्यायाम शिकवले आणि सोमवारी परत बोलावलं. खर्रा त्याच दिवसापासून बंद.

परतीच्या बसमध्ये हे तोंडाचा व्यायाम करत बसले. मला मात्र साक्षगंधातला पेढा आठवला. मुलीनं अख्खा पेढा भरवायला हात पुढे केला, तर जावईबापूंनी तो हातात घेतला, त्याचे तुकडे केले आणि एकेक चिमटीनं ओठांआड सरकवला. गडचांदूरला सिमेंट कारखान्यात नोकरी, बोलणं मोजकं, हसणं ओठांतल्या ओठांत. किती मर्यादेचा मुलगा, असं मी बायकांना सांगत सुटले होते. जेवणानंतर ह्यांनी स्वतः घोटलेला खर्रा त्याच्या हातावर ठेवला, तेव्हा आता सोयरीक पक्की म्हणून सगळे हसले होते. मीसुद्धा.

घरी पोचल्या पोचल्या मुलीला सगळं सांगितलं. तिनं उभ्या उभ्याच त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि तीन बोटं तोंडात घालून दाखवायला सांगितली. तो हसला, तसाच, ओठांतल्या ओठांत. मग त्यानं बोटं जुळवली. आम्ही तिघं मोबाइलवर वाकून बघत होतो.

त्याचं दुसरंच बोट अडकलं.

मला रडू आलं. मुलगी मात्र बापाकडे वळली.

"बाबा, सोमवारी तुमच्यासंग याइलेबी घेऊन जा," ती म्हणाली. "लग्नाची तारीख मंग पाहू."